रेंजच्या सूत्रास खुले पत्र

रा. रा. रेंजचे सूत्र यांस,

स. न. वि. वि.

अकरावीच्या भौतिकशास्त्रात तुमचा दबदबा मोठा. यू वर्ग साईन दोन थीटा भागिले जी, असे मुले तुम्हाला झोपेतसुद्धा म्हणून दाखवतात. फेकलेली वस्तू किती लांब पडेल या गणितात वेग (यू) आणि कोन (थीटा) दिसला, की पेन थेट तुमच्याकडे धावते. आकृती काढायची नाही, अक्ष ठरवायचे नाहीत, चेंडू सुटला कुठून आणि पडला कुठे हेही पाहायचे नाही. ही सवय तुम्ही लावलीत, म्हणून हे पत्र जाहीर.

एक साधे गणित घ्या. 15 मीटर उंच गच्चीवरून चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगाने, क्षितिजाशी 30 अंशांचा कोन करून वर फेकला. गुरुत्वत्वरण जी 10 धरा. चेंडू इमारतीपासून किती लांब पडेल? मुले तुम्हाला शरण जातात आणि 34.6 मीटर लिहून मोकळी होतात. उत्तर दिसते कसे नीटनेटके! पण तिथे चेंडू जमिनीवर नसतोच. तो गच्चीच्या पातळीला परत आलेला असतो, जमिनीपासून 15 मीटर वर, अधांतरी. तिथेच तुम्ही त्याला सोडून देता, कारण तुमची सत्ता तेवढीच. सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल आणि हवेचा अडथळा धरायचा नसेल, तरच तुम्ही खरे. गाईडच्या चौकटीत तुम्ही ठळक छापले जाता आणि ही अट मात्र पहिली गळते.

आता तुमच्याशिवाय. वरची दिशा धन. उभा वेग 20 गुणिले साईन 30, म्हणजे 10. चेंडू शेवटी गच्चीच्या खाली गेला, म्हणून उभे विस्थापन उणे 15. हे उणे विसरले की सगळेच ओमफस्. उणे 15 बरोबर 10 टी वजा 5 टी वर्ग. टी येतो 3 किंवा उणे 1. उणे वेळ आपल्या कामाची नाही, म्हणून 3 सेकंद. आडवा वेग 17.3, तो शेवटपर्यंत तेवढाच. 3 सेकंदांत 52 मीटर. झाले!

1638 साली गॅलिलिओने ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात हेच मांडले: आडवी गती एकसमान, उभी गती त्वरणाची, दोन्ही एकाच वेळी चालतात आणि एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. फेकलेल्या वस्तूच्या गतीच्या अख्ख्या प्रकरणाचा जीव या एका विचारात आहे. तुम्ही त्यातून निघालेले एक उत्तर, आणि मुले तुम्हालाच प्रकरण समजतात.

45 अंशांत फेकले की सर्वांत लांब, हे ब्रह्मवाक्यही तुमचेच. गोळाफेकीत गोळा जमिनीपासून साधारण 2 मीटर उंचीवरून सुटतो. वेग 14 मीटर प्रति सेकंद धरला, तर हवा सोडूनही सर्वोत्तम कोन 42 अंशांच्या आसपास येतो. खेळाडू तर याहून बराच कमी कोन घेतात, कारण कोन वाढवला की गोळ्याला तेवढा वेग देता येत नाही. तुम्हाला पाठ केलेल्या मुलाला मैदानावरचा हा गोळा चुकीचा वाटतो!

परीक्षेत तुम्ही वेळ वाचवता, हे मला मान्य आहे. पण माझ्या वर्गात यापुढे तुमचे नाव प्रकरणाच्या शेवटीच निघेल. आधी मुले उभे विस्थापन शून्य ठेवून तुम्हाला फळ्यावर स्वतः काढतील आणि शेजारी तुमची अट लिहितील. ज्याला काढता येईल, त्यानेच वापरावे.

कळावे.

अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणारा एक शिक्षक