मामाचं कस्टर्ड

मामी दोन दिवस माहेरी गेली. जाताना म्हणाली, "पोरांना मोबाइल देऊ नकोस आणि तू गॅसजवळ जाऊ नकोस." पहिलं ऐकायचं तर दुसरं मोडणं भागच होतं. मी भाचरांना गोळा केलं आणि जाहीर केलं, "आज फ्रूट कस्टर्ड!"

दूध तापत ठेवून मी व्याख्यान सुरू केलं. "ही पावडर १८३७ साली आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रजाने शोधली. कारण कस्टर्ड असायचं अंड्याचं, आणि त्याच्या बायकोला अंडं चालत नसे."

"मामीला काय चालत नाही?" राघवने विचारलं.

"मामा," ओवी म्हणाली. ओवी सहा वर्षांची आहे.

या अपमानाच्या तिरीमिरीत मी पावडर थेट उकळत्या दुधात लोटली. पाकिटावर ती आधी थंड दुधात कालवा असं लिहिलं होतं, पण पाकीट वाचतात ते नवशिके. बघता बघता पातेल्यात बोराएवढ्या गोळ्या तरंगू लागल्या. राघवने एक गोळी डावाने कडेला दाबली. वरचं चिकट कवच फुटलं आणि आतून कोरडी ठणठणीत पावडर बाहेर आली. मग काय, पोरांना खेळच मिळाला. "मामा, ती बघ, पळतेय!" शेवटी चहाची गाळणी आणली. कस्टर्डला आल्याचा वास त्यामुळेच आला.

फळांकडे मात्र शिस्त होती. सुरी फक्त माझ्याकडे. राघव केळी सोलणार, ओवी डाळिंब. ओवीचा हिशेब सरळ होता : एक दाणा वाटीत, दोन तोंडात. त्यात मला अननस दिसला. "अननसाशिवाय शान नाही," असं म्हणून मी तो ताजा चिरून घातला. ओवीने नाक मुरडलं. तिला अननस आवडत नाही. लहान मुलांचे नखरे मी मनावर घेत नाही.

संध्याकाळी फ्रीज उघडला तर कस्टर्डचं पाणी झालेलं, आणि चव कडू जहर. आईला फोन लावला.

"कच्चा अननस दुधात घातलास? अरे, तो आधी पाकात शिजवून घ्यायचा!"

मी तिला समजावलं की कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, आणि शिजवलं की ते निकामी होतं.

"हे सगळं तुला ठाऊक होतं?"

"आत्ताच मोबाइलवर बघितलं."

"मोबाइल द्यायचा नाही असं सून कुणाबद्दल सांगून गेली होती?"

फोन ठेवून वळलो, तर बाहेरच्या खोलीत दोघं एकाच वाडग्यातून खात बसलेली. पिवळंधमक, दाट कस्टर्ड. मी अननस घालण्याआधी ओवीने आपला वाटा गुपचूप काढून ठेवला होता.

"एक चमचा दे ना," मी म्हटलं.

ओवीने सिंककडे पाहिलं. "आधी पातेलं घास."