सतरा नंबरचा विद्यार्थी

आमच्या वेळणेश्वरात 2012 साली इंजिनिअरिंग कॉलेज आलं, तेव्हा माझी दहावी राहिलेली होती. महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय असं भारदस्त नाव, आणि तिथली पोरं माझ्या खाणावळीत जेवायला. बांगड्याचे काटे काढता काढता इंटिग्रेशनवर बोलायची. मी वाढायचो आणि मान डोलवायचो. 1992 साली गणितात 19 गुण मिळवलेल्या माणसाने आणखी काय करायचं?

मागे एकाने विचारलंच, "काका, तुमचं शिक्षण किती?" "आमटी आणतो" म्हणून मी आत गेलो तो बाहेर आलोच नाही. त्या रात्री नववीतल्या लेकीने फर्मान काढलं, "बाबा, सतरा नंबर भरा. पुढच्या वर्षी दोघं बरोबर बसू."

शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावी द्यायची तर बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. "सतरा नंबरने बसलाय" हे आमच्याकडे कुणाला कावीळ झाल्यासारखं हळू आवाजात सांगतात. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. माझा निघाला आजीच्या ट्रंकेत, आमसुलांच्या फडक्याखाली. वर्तणूक: चांगली. (हेडमास्तर देवमाणूस.) शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या इच्छेवरून. इच्छा! पुन्हा परीक्षेला बस म्हणून वडील शिपटी घेऊन माडाच्या बागेतून माझ्यामागे धावले होते.

क्लास आमच्याच ओटीवर. शिकवायला एक निवृत्त गुरुजी, जोडीला सुरमईच्या तुकडीवर राबणारे दोन भावी इंजिनिअर. विद्यार्थी तीन: मी, एक रिक्षावाला आणि शेजारची वहिनी. वहिनी मासे साफ करता करता सनावळ्या पाठ करायची. पहिला धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. गुरुजींनी गावठी उदाहरण घातलं: 3 शहाळी आणि 2 नारळांचे 210 रुपये, 2 शहाळी आणि 3 नारळांचे 190.

"शहाळं पन्नास, नारळ तीस," मी बसल्या जागी सांगितलं.

"बरोबर. पण क्ष कुठाय?"

"क्ष गिऱ्हाइकाला देत नाही आम्ही."

गुण शून्य. उत्तर बरोबर असूनही रीत नाही म्हणून गुण नाहीत, ही गोष्ट खाणावळवाल्याला पचत नाही. बापलेकाच्या वयाचं गणित आलं की रिक्षावाला म्हणे, "आधार कार्ड बघा ना." एकाच धड्यात मी भाव खाल्ला: दहावीच्या बीजगणितात आता जीएसटी आहे. तो मी इंजिनिअरांना शिकवला.

आमचा धीर सुटला की गुरुजी दाखले देत. नाशिकला 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने दहावी-बारावी न झालेल्यांनाही 'पूर्वतयारी' करून घेऊन पदवीच्या वर्गात बसवलं, हा एक. दुसरा आपल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांचा. परीक्षेसाठी ते पावसातून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून तिथून परत पाठवले गेले. पुढे महर्षी झाले.

माझं उलटं झालं. महाशिवरात्रीची जत्रा उलगडते न उलगडते तोच पेपर आले. केंद्राच्या फाटकाशी शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." मी हॉलतिकीट दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, लेकीला पाहिलं आणि मला सॅल्यूट ठोकला. वर्गात बाकावर गुडघे मावेनात. दोन तास मी तिरका बसून कर्ण काढला, बहुधा स्वतःचाच.

निकाल अजून लागायचाय. कुणाला जेवायचं असेल तर खुशाल या, सोलकढी ताजी मिळेल. बिल मात्र लेक करते. पस्तीस गुण हातात पडेपर्यंत घरात माझा हिशेब कुणी धरत नाही.