मुळाशी काळे

जपानच्या ओसाका प्रांतातल्या हाबिकिनोच्या सरकारी हायस्कुलात एका मुलीचे केस तपकिरी निघाले. ती म्हणे, जन्मतःच तसे आहेत. शाळा म्हणे, मुळाशी काळेच आहेत. शाळेच्या सांगण्यावरून काळा रंग लावून लावून टाळू सोलवटली, अशी तिची तक्रार. ती शाळेत येईना, तेव्हा वर्गातून तिचं बाक हलवलं आणि यादीतून नावही. 2021 मध्ये न्यायालयाने निकाल दिला: केसांचा नियम रास्त, बाक हलवणं तेवढं चुकलं, सबब 3 लाख 30 हजार येन भरपाई.

नियम कशासाठी? तर पोरं वाया जाऊ नयेत म्हणून. आपल्या मास्तरांनाही हे शास्त्र ठाऊक आहे. कानावर केस आले की पोरगा हातचा गेलाच!

1995 च्या जानेवारीत शेजारचं कोबे भूकंपाने कोसळलं, तेव्हा धावून आलेल्या स्वयंसेवकांत तरुण पोरंपोरी ढिगाने होती. पाण्याचे कॅन वाहणाऱ्यांच्या केसांची मुळं तपासायला त्या दिवसांत कुणाला सवड झाली नसावी.

पुढे ओसाकातल्या 2025 च्या एक्स्पोआधी, शहरातल्या दोतोंबोरीच्या पुलाखाली पोरं जमतात म्हणून महापालिकेने तिथे कुंपण घातलं. पाहुणे यायचे होते ना!