शुभंकर पाहिजे, माळरान नको

प्रोग्रामिंगची नवी भाषा एक हुशार माणूस एकट्यानं लिहू शकतो. तिचा शुभंकर ठरवायला समिती नेमली की मात्र संपलं. समिती टाळली त्यांचं बरं झालं. ‘गो’ भाषेचा तो बटबटीत डोळ्यांचा गोफर रेने फ्रेंच या चित्रकार बाईंनी काढला आणि भाषेच्या कर्त्यांपैकी रॉब पाइक हे त्यांचे यजमान. घरातल्या घरात निकाल! पीएचपीची तीन अक्षरं विन्सेंट पाँतिए यांना १९९८ साली बाजूनं बघताना हत्तीसारखी दिसली, म्हणून हत्ती. रस्टचा खेकडा फेरिस अजून अधिकृतसुद्धा नाही, तरी लॅपटॉपच्या झाकणावर तोच. पर्लच्या उंटाचं तेवढं फसलं. तो ओरायलीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला आणि त्याची मालकी प्रकाशकाकडेच राहिली. भाषा सगळ्यांची, उंट प्रकाशकाचा.

समजा, उद्या सोलापुरातल्या पोरांनी एखादी भाषा काढली. शुभंकराची बैठक कशी होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. एकजण म्हणेल, नंदीध्वज. लगेच दुसरा, “सिद्धेश्वराचा मान लॅपटॉपवर चिकटवतो काय बे?” विषय बंद. चादर सुचेल, पण चादरीला तोंड कुठून आणायचं? शेंगाचटणीला चव आहे, डोळे नाहीत. मग नाव मराठी ठेवायचं, कन्नड, तेलुगू की उर्दू, यावर चहाच्या दोन फेऱ्या होतील आणि शेवटी ज्याच्याबद्दल कुणाचीच हरकत नाही असा एकच उमेदवार उरेल: मालढोक.

उमेदवार तसा अस्सल आहे. मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत, पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी. मोसमाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या माळावर, बॅकअप नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे आजूबाजूचं सगळं दिसतं, नेमकं समोरचं नीट दिसत नाही, म्हणून उडता उडता विजेच्या तारांवर आदळतो. रात्री दोन वाजता कोडमधली चूक शोधणाऱ्या माणसाचं याहून खरं चित्र कोण काढणार?

अडचण एवढीच की हा उमेदवार पूर्वीही उभा राहून पडलाय. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अली यांनी त्याचीच बाजू घेतली होती. पण ‘बस्टर्ड’ या इंग्रजी नावात एक अक्षर चुकलं तर सरकारी कागदावर शिवी छापली जाईल, या भीतीनं तो मागे पडला, असं सांगतात. १९६३ साली मोर निवडून आला.

सोलापूरकरांनी मात्र त्याला नुसतं चिन्ह केलं नाही, शेजारी म्हणून राहून पाहिलंय. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तिथल्या नान्नज गावाचं नाव पक्षीवाल्यांच्या तोंडी आलं. नकाशावर अभयारण्याची हद्द साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात गेली. त्यात शेतं आली, वस्त्या आल्या, गावंच्या गावं आली. खरेदीखत अडलं की बोट मालढोकाकडे. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही अशा पक्ष्यानं एवढा मनस्ताप दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. पुढे हद्द बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. सुटकेचा निःश्वास माणसांनी टाकला. पक्ष्याला कुणी विचारलं नव्हतं. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

शुभंकर म्हणून मात्र त्याचं उत्तम चाललंय. २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगरला स्थलांतरित प्राण्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ‘गिबी’ नावाचा गोंडस मालढोक पाहुण्यांच्या स्वागताला होता. त्याच गुजरातेत कच्छच्या माळावर जेमतेम काही माद्या उरल्या होत्या. गिबीला गवत लागत नाही, तो तारांवर आदळत नाही, त्याच्यामुळे कुणाचं खरेदीखत अडत नाही. समितीला असलाच प्राणी आवडतो.

तेव्हा आपल्या पोरांनीही मालढोकच घ्यावा. कापडी बाहुली हवी असेल तर टॉवेलचं कापड गावात हवं तेवढं आहे. फक्त मान लांब असल्यामुळे पक्षी गोल स्टिकरमध्ये मावत नाही. ती किती कापायची, यावर समितीत अजून एकमत व्हायचंय.