फोटो जायलाय!

जालना जिल्ह्यात सध्या दोन वेग आहेत. एक समृद्धी महामार्गावरचा. तिथे मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे आणि आपल्या लोकांनी ती किमान मर्यादा आहे असं समजून घेतलं आहे. दुसरा वेग त्याच महामार्गाच्या कडेला, वावरात उभं राहून सोयाबीनचा फोटो सरकारला धाडणाऱ्या माणसाचा. या वेगाला अजून कुणी एकक दिलेलं नाही. ‘गेला का फोटो?’ असं विचारलं की ‘जायलाय’ एवढंच उत्तर येतं. सकाळी विचारा, दुपारी विचारा, दिवेलागणीला विचारा, फोटो जायलाय.

पूर्वी सरकारला माणूस समोर लागायचा. मग माणसाऐवजी कागद चालू लागला. आता कागदावरचाही विश्वास उडाला असून फोटो लागतो. घरकुलाचा पाया भरला, फोटो. भिंती आल्या, फोटो. फोटो चढला नाही तर पुढचा हप्ता अडतो. 2024 पर्यंत पावसात पीक आडवं झालं तर 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागे, आणि ॲपवरून कळवायचं तर फोटोसकट. जिल्ह्यातला प्रत्येक खातेदार आता हौशी छायाचित्रकार झाला आहे. हौस तेवढी सरकारची आहे.

आता या छायाचित्रकाराचं सामान बघा. दहा-बारा हजारांचा फोन. खोक्यावर छापलेलं असतं, 50 मेगापिक्सेल. म्हणजे पाच कोटी ठिपक्यांचा फोटो. त्याच फोनच्या काचेवर मात्र आडवे 720 आणि उभे 1600 ठिपके असतात. गुणाकार केला तर साडेअकरा लाख. फोनही काही खुळा नाही, तो गुपचूप चार ठिपक्यांचा एक करतो आणि सव्वा कोटीचाच फोटो साठवतो. पाच कोटी फक्त खोक्यावर राहतात. तरीही एका ठिपक्याच्या जागेवर अकरा ठिपके उरतात. लग्नसराईत जालना-अंबड एसटीच्या एकेका सीटवर बसतात तसे. यातले दहा ठिपके फोटो मोठा केल्याशिवाय आपल्याला दिसणार नसतात, पण त्यांचं वजन फोटोत असतंच. त्यांचाही डेटा आपणच भरतो.

या न दिसणाऱ्या ठिपक्यांची खरी गंमत लग्नानंतर कळते. हल्ली फोटोग्राफर पेनड्राइव्ह घेऊन घरी येत नाही, लिंक पाठवतो. ‘भाऊ, दोन हजार फोटो टाकलेत साइटवर, अल्बमसाठी दोनशे निवडून कळवा.’ त्याच्या दुकानात वायरचं इंटरनेट आणि हातभर रुंद मॉनिटर. इकडे निवड करायला बसलेत नवरदेवाचे वडील, मावशी, आत्या आणि मुंबईहून आलेला एक जाणकार. चार डोकी आणि साडेसहा इंचांची काच.

हिशेब सोपा आहे. एक फोटो पाच एमबीचा धरला तर दोन हजार फोटोंचे दहा जीबी झाले. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर सगळे फोटो पूर्ण आकारात बघायला आठवडा लागेल. त्या आठवड्यात कुणी रील बघायचं नाही, कीर्तन ऐकायचं नाही आणि नव्या सुनेला माहेरी व्हिडिओ कॉल करू द्यायचा नाही. म्हणून साइट शहाणपणा करते. उघडल्याबरोबर ती फोनची रुंदी विचारून घेते आणि त्या मापाचे बारीक फोटो पाठवते. काम भागतं. बारीक काचेवर सगळेच फोटो चांगले दिसतात. मावशी प्रसन्न, आत्या प्रसन्न. दोनशे फोटो निवडून जातात, महिनाभरानं करिझ्मा अल्बम छापून येतो आणि तेव्हा कळतं की सप्तपदीच्या फोटोत नवरदेवाचे डोळे मिटलेले आहेत, आणि मागे मुंबईचा जाणकार जिलेबी खातोय. बोट लावून फोटो मोठा करून बघितला असता तर कळलं असतं. पण मोठा करायला गेलं की साइट मोठा फोटो आणायला धावते, मधोमध गोल फिरू लागतं, आणि आत्या म्हणतात, ‘राहू दे, चांगलाच आलाय.’

या गोल फिरण्यामागे एक व्यापारी चातुर्यही आहे. कंपनी वेग विकते तो मेगाबिटमध्ये आणि फोटोचं वजन असतं मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे पाच एमबीचा फोटो म्हणजे 40 मेगाबिट झाले. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं हेही सरकारनं ठरवून ठेवलं आहे. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, 2013 पासून 512 ला, आणि 2023 पासून किमान 2 एमबीपीएसला. म्हणजे व्याख्येत बसणाऱ्या इंटरनेटवरही एक फोटो उतरायला 20 सेकंद. दोन हजारांना अकरा तास. हा झाला खाली उतरण्याचा वेग. वर चढण्याचा त्याहून कमी असतो. कंपन्यांनी असं धरलं आहे की गावाकडच्या माणसानं बघायचं असतं, दाखवायचं नसतं. नेमकं सरकारनं उलटं धरलं आहे.

आणि टॉवर एकटा. त्याच्या अंगावर जेवढे फोन, तेवढे वेगाचे वाटे. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाऊन बघा. रांगेत उभा असलेला प्रत्येक भक्त दर्शनाआधी स्टेटस ठेवायला बघतो. बाप्पा प्रसन्न होतो, टॉवर होत नाही. वर लाईट गेली आणि टॉवरच्या बॅटरीनं मान टाकली की गावाला दिव्याबरोबर रेंजही जाते.

नोकरीच्या अर्जाची व्यथा लग्नाच्या अल्बमच्या बरोबर उलट. बँक भरतीच्या अर्जात फोटो 20 ते 50 केबीत बसला पाहिजे आणि सही 10 ते 20 केबीत. फोन फोटो काढतो पाच एमबीचा, म्हणजे शंभर पट मोठा. तो बारीक करायचं काम करतो सेवा केंद्रातला मुलगा. तो स्वतः पदवीधर असतो, स्वतःचेही अर्ज भरत असतो. बेरोजगारांचे फोटो लहान करणे हा रोजगार या जिल्ह्यात बऱ्यापैकी चालतो. फोटो 51 केबीचा झाला तर अर्ज लाल होतो. 19 चा झाला तरी लाल. उमेदवाराच्या पात्रतेबद्दल इतकी काटेकोर अट मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण फोटोयुगाचं खरं तीर्थक्षेत्र म्हणजे ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 ला ती राज्यभर सुरू झाली. कल्पना चांगली आहे, हे आधी कबूल केलं पाहिजे. पूर्वी पीकपेरा नोंदवायला तलाठी यायचे, किंवा न येता नोंदवायचे. गतवर्षी कपाशी होती म्हणून यंदाही कपाशी, असं सातबाऱ्यावर परंपरेनं चालायचं. आता शेतकऱ्यानं स्वतःच्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांश फोटोला आपोआप चिकटतात, आणि पीक सातबाऱ्यावर चढतं. तसं चढलं तरच हमीभावानं सोयाबीन विकायची नोंदणी होते आणि नुकसानीच्या वेळी आपण काय पेरलं होतं याचा पुरावा राहतो. सगळं मान्य.

अडचण एवढीच की पीक वावरात असतं आणि रेंज गावात. वावर कुठे आहे हे सांगणाऱ्या उपग्रहाला रेंज लागत नाही, त्यामुळे वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला शेतकरी बापूंचं वावर बिनचूक दिसतं, आणि दोन कोसांवरच्या टॉवरला दिसत नाही. ॲप बनवणाऱ्यांनी यावर तोड काढली आहे. फोटो वावरात काढून फोनमध्ये ठेवा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा. मग बापू वावरातून निघतात, हात उंच करून बांधाबांधानं चालत येतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस शरण आलाय. लिंबाखाली रेंजची एक दांडी येते. मारुतीच्या पारावर दोन. तिथे आधीच आठ-दहा बापू हात वर करून बसलेले असतात.

‘काय म्हणतंय?’

‘गोल फिरायलंय.’

‘कवापासून?’

‘चहा झाला त्याच्या आधीपासून.’

काचेचाही इथे काही संबंध आहे. भादव्यातल्या दुपारच्या उन्हात स्वस्त फोनच्या काचेवर फक्त बापूंचा स्वतःचा चेहरा दिसतो. ॲपमधल्या यादीतून गट नंबर निवडायचा, हंगाम निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र टाकायचं. अक्षरं मुंगीएवढी, चष्मा घरी. शेवटी डोक्यावर उपरणं घेऊन, पूर्वी गावोगावचे फोटोग्राफर काळ्या कापडात शिरत तसे, बापू फोनसकट आत शिरतात आणि अंदाजानं बोट ठेवतात. मोसंबीच्या जागी मोहरी निवडली जाऊ शकते. जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण यादीत ते दिसत नाही. चूक 48 तासांत दुरुस्त करता येते. त्यासाठी पुन्हा पारावर.

मुदत जवळ आली की राज्यभरातले बापू एकाच वेळी पारावर बसतात आणि मग सर्व्हरच बसतो. 2025 च्या खरिपात 14 सप्टेंबरची मुदत होती, ती वाढवावी लागली. त्या महिन्यात मराठवाड्यात पावसानं इतकं झोडपलं की ज्या पिकाचा फोटो काढायचा, ते पीकच पाण्याखाली गेलं. मुदत वाढवता येते. पीक थांबवून धरता येत नाही.

रोजगार हमीवरही फोटोच. 1 जानेवारी 2023 पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांवर मजुरांची हजेरी ॲपवर लागू झाली. दिवसातून दोनदा फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. 1972 च्या दुष्काळात राज्याची रोजगार हमी सुरू झाली तेव्हा खडी फोडणाऱ्याला खडी दाखवून मजुरी मिळत होती. आता खडी फोडून झाली तरी चेहरा अपलोड झाला पाहिजे. माणसं हुशार असतात. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढून सांगावं लागलं की ठिकठिकाणी फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते, कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात. चोर ते करणारच. पण ज्याचा खरा फोटो खऱ्या कामावरून चढत नाही, त्याचा खाडा पडतो, आणि त्याच्यासाठी पत्र निघाल्याचं माझ्या कानावर नाही.

आणखी एक वेग राहिला, शून्य. 26 फेब्रुवारी 2024 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या धामधुमीत जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या जिल्ह्यांतलं इंटरनेट प्रशासनानं बंद ठेवलं. शहरात हलकल्लोळ झाला. काही वाड्या-वस्त्यांवर मात्र कुणाला ते जाणवलं नाही. त्यांना वाटलं, नेहमीचंच.

परदेशातल्या कंपन्यांना हे दुखणं दहा वर्षांपूर्वी कळलं होतं. 2015 मध्ये फेसबुकनं आपल्या कचेरीत ‘2जी मंगळवार’ सुरू केला. मंगळवारी कर्मचाऱ्यांना विचारायचं, एक तास भारतासारख्या देशांतल्या 2जीच्या वेगानं ॲप चालवून बघता का? त्याच वर्षी त्यांनी फोटो पूर्ण यायच्या आधी जेमतेम 200 बाइटांचं धूसर चित्र दाखवायची युक्तीही काढली. माणसाला निदान कळावं की काहीतरी येतंय. आमच्या स्थळं बघणाऱ्या मंडळींना ही युक्ती फार मानवली. मुलगा धूसर असतानाच पसंत पडतो आणि स्पष्ट होईपर्यंत सुपारी फुटलेली असते. कंपनीनं हे काही भूतदयेपोटी केलं नाही, गिऱ्हाईक हवं होतं म्हणून केलं. पण केलं. आपल्याकडे गिऱ्हाईक हक्काचं आहे, ते दुसऱ्या ॲपवर जाऊ शकत नाही, म्हणून मंगळवारची गरज कुणाला वाटली नाही.

तेव्हा जालना जिल्ह्याच्या वतीनं मुंबई-पुण्यातल्या ॲपकर्त्यांना, त्यांच्या वरिष्ठांना आणि त्या ॲपचं उद्घाटन करणाऱ्या सर्वांना हे जाहीर निमंत्रण आहे. भादव्यातला एक मंगळवार काढून जाफराबाद किंवा मंठा तालुक्यातल्या कुठल्याही वावरात या. जालन्यापर्यंत वंदे भारतनं या, पुढे आम्ही जीप पाठवतो. फोन आम्ही देऊ, 720 ठिपक्यांचा, काच तडकलेला. सिमकार्डही गावातलंच. भर बाराच्या उन्हात एक तास उभं राहून एका गटाची पाहणी पूर्ण करायची. सोबत ऑपरेटर आणायचा नाही, स्वतःचा हॉटस्पॉट लावायचा नाही. फोटो गेला तर गावजेवण आमच्याकडून. नाही गेला तर त्याच बांधावर बसून ॲपमधली अक्षरं मोठी करा, फोटो पाठवण्याआधी फोनमध्येच बारीक होईल असं बघा, आणि मुदत टॉवरचा जीव बघून ठरवा. येताना पॉवर बँक तेवढी आणा, लाईटचं आम्ही सांगू शकत नाही.