तिसरी पिन

आमच्या पार्किंगच्या भिंतीवरचा चार्जर गेले नऊ दिवस लाल दिवा मिचकावत बसलाय. गाडीला वीज देत नाही. म्हणणं एकच : अर्थिंग मिळत नाही.

कमाल आहे! त्याच बिल्डिंगमध्ये फ्रिजने कधी अर्थिंग मागितलं नाही. गीझर वीस वर्षं बिनतक्रार पाणी तापवतोय. नळाला हात लावला की मुंग्या येतात, त्याला आम्ही थंडी म्हणतो. सॉकेटचं वरचं मोठं भोक शोभेचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल. प्लगची तिसरी पिन मुद्दाम लांब ठेवतात, म्हणजे वीज येण्याआधी जमिनीशी नातं जुळावं. आपण ती करवतीने कापतो, कारण एक्स्टेन्शन बोर्डाला दोनच भोकं.

इलेक्ट्रिशियन आला, मान हलवून म्हणाला, "साहेब, हा चार्जर जास्तच शहाणा आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. त्याला कळायचंसुद्धा नाही."

त्याला कळायचं नाही! म्हणजे खोट आमच्या वायरिंगमध्ये, आणि उपाय चार्जरच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर तीच वीज त्या जोडातून गाडीच्या पत्र्यावर येणार, आणि पावसात भिजलेलं पोर दार उघडायला हात लावणार. ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारी आरसीसीबी 'सारखी पडते' म्हणून याच महाभागाने मागे बायपास केली होती, आणि आम्ही त्याला वर चहा पाजला होता! जो खरं बोलेल त्याचं तोंड बांधायचं, मग तो माणूस असो की खोका, हा धंदा किती दिवस चालवायचा?

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, असं सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी "कसला खड्डा?" म्हणून रस्त्याकडे बोट दाखवलं. शेवटी जुन्या वॉचमनने जागा दाखवली. मीठ-कोळशाचा तो खड्डा, ज्यात उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं, सुशोभीकरणात पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलाय. वर चेअरमनसाहेबांची गाडी उभी असते. ती हलवण्याचा विषय सर्वसाधारण सभेत घेऊ, असं ठरलं.

सभा सप्टेंबरात आहे. तोवर मी रिक्षाने जातो. गीझर मात्र त्याच रात्री बंद केला.