तासाभराचं काम

बहरीनमधल्या बहुतेक मराठी माणसांच्या फोनमध्ये एक पॅकिंगकाका असतातच, म्हणजे इंजिनाची पॅकिंगं, गॅस्केटं बदलून गळती थांबवणारे काका. गाव कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगली. नोकरी कुठल्या तरी कारखान्यात, मेन्टेनन्सला. बिऱ्हाड गुदैबियात नाहीतर टुब्लीत. गाडी जपानी, आणि वयाने त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलापेक्षा मोठी. या गाडीतून इंजिन ऑइल गळतं. फक्त ‘गळतं’ असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही.

“गळत न्हाई रे, जरा घामेजलीय. इथल्या उन्हात तुला घाम येतोय का न्हाई?”

आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल 1932 साली याच बेटावर, जबल दुखानच्या पायथ्याशी सापडलं. त्यासाठी परदेशी कंपनी आली, यंत्रं आली, भूगर्भतज्ज्ञ आले. काकांना तेल शोधायला हापूसच्या पेटीचा एक पुठ्ठा पुरतो. रात्री तो इंजिनाखाली सरकवायचा आणि सकाळी चष्मा कपाळावर चढवून त्यावरचे ठिपके कुंडलीसारखे वाचायचे. काळपट तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर गिअरचं. हिरवं किंवा गुलाबी दिसलं तर रेडिएटर. नुसतं ओलं असेल तर एसीचं पाणी, आणि उन्हाळ्यात दहापैकी नऊ जणांची गळती तीच असते. एकदा शेजारच्या इमारतीतला एक नवा मुलगा घाबरून धावत आला. काका त्याच्या गाडीखाली चांगले अर्धा तास आडवे झाले, ठिपक्याचा वास घेतला, बोटावर चोळून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाले, “पाणी आहे.” वर त्याला चहाही पाजला. त्या मुलाला पाणी आहे एवढं कळलं असतं तरी पुरलं असतं. त्याला व्हॉल्व्ह सीलपर्यंत सगळं ऐकावं लागलं.

“तासाभराचं काम आहे” हे त्यांचं पेटंट वाक्य. हा तास शुक्रवारी फज्रच्या अजानीनंतर सुरू होतो, कारण नऊ वाजले की बॉनेटला हात लावता येत नाही. भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करून घ्यायला बहरीनमध्ये कायद्याने बंदी आहे. हा कायदा नवऱ्यांनाही लागू करावा, अशी काकूंची जुनी मागणी आहे.

काकूंच्या घरातून या कामासाठी काय काय जातं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. जुन्या चादरी फडक्यांसाठी जातात. ओट्याचं तेलकट घालवायचा स्प्रे इंजिन धुवायला जातो, कारण “आधी स्वच्छ कर, मग शोध, मळक्या इंजिनात गळती सापडत न्हाई.” धुतलेलं इंजिन वाळलं की त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी एक चक्कर मारून आणायची. पावडर जिथे काळी पडेल तिथून तेल येतंय. पद्धत बिनचूक आहे. फक्त मग मंडळाच्या हळदीकुंकवाला निघालेल्या काकूंना डबा रिकामा सापडतो, आणि गाडीला मात्र चंदनाचा वास येत असतो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र काका अतिशय कडक. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरणाऱ्या माणसाशी ते बोलतसुद्धा नाहीत. आधी दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या, मागच्या चाकांना दगड लावायचे, मग गाडी हलवून बघायची. “जॅकवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या फोटोला हार लागतात,” हे ते हसून सांगतात, पण त्यात गंमत नसते.

बाकी सगळ्या गोष्टींत उद्यमनगर येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची. काकांचे वडील तिथे लेथवर होते, त्यामुळे जगातलं कुठलंही इंजिन हा त्यांच्या भावकीतलाच विषय. टॅपेट कव्हरचे बोल्ट आवळताना त्यांचा आवाज बदलतो. “मधल्यापासून सुरू कर. मग समोरासमोर. एकदम न्हाई, दोन-तीन फेऱ्यांत. बोल्ट आवळायचा नसतो, बसवायचा असतो.” जोर लावला की कव्हर वाकतं, नाहीतर पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती दुप्पट होते, हे खरंच आहे. मात्र हे ऐकणाऱ्याने तोपर्यंत दहा नंबरचा बॉक्स पाना हातात तयार ठेवलेला असावा लागतो. तो कधीच सापडत नाही. काकांनी आजवर घेतलेले दहा नंबरचे पाने मोजले तर त्यात नवं पॅकिंगच नव्हे, नवं इंजिन आलं असतं. सगळे इंजिनाच्या खोबणीत पडून कुठेतरी आहेत.

सामान आणायला सलमाबाद. तिथल्या पार्ट्सच्या दुकानातल्या मल्याळी पोराशी काका हिंदी, अरबी आणि कोल्हापुरी अशा तिन्ही भाषांत एकदम बोलतात. “सदीक, ओरिजिनल दे. डुप्लिकेट नको, मागच्या टायमाला लै मुश्किल झालं.” पोरगा म्हणतो, “माफी मुश्किल, चाचा,” म्हणजे काही अडचण नाही. घासाघीस होते, शे-दोनशे फिल्स कमी होतात, आणि तेवढ्यासाठी काका पेट्रोल जाळून आलेले असतात. पैसे वाचवायला ते हे करतात असं समजणाऱ्यांना काका कळलेले नाहीत. आठवडाभर कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनवर सह्या करणाऱ्या माणसाला शुक्रवारी एक तरी मशीन आपलं लागतं.

आणि मग माणसं जमतात. बॉनेट उघडं दिसलं की पुरुष थांबतातच. इमारतीचा राखणदार, म्हणजे नातूर येतो, वरच्या मजल्यावरचा सुदानी शिक्षक येतो, कराचीचा एक ड्रायव्हर येऊन “हेड गॅस्केट होगा” म्हणतो आणि वादाला सुरुवात होते. काकू वरून पोह्यांची पातेली पाठवतात. पाच जण इंजिनात वाकून बघत असतात. त्यातल्या चौघांना काहीच दिसत नसतं.

एका मोसमात मात्र काका खरेच हरले होते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, पुन्हा पावडर काळी. चेंबर उतरवून नवं सिलिकॉन लावलं, तरी ठिपके आहेतच. मागचं सील गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते पार्किंगमध्ये जमणारं काम नव्हे. काका आठवडाभर गप्प होते. दरवर्षीचं पासिंग जवळ आलं होतं. गणपतीच्या आरतीला रेशमी झब्बा घालून आले, तर नखं काळीच. मोदक फोडायच्या आधी काकूंनी हातावर साखर आणि भांड्यांचा साबण ओतून त्यांना बेसिनकडे पाठवलं. तिथे हात चोळता चोळता ते थबकले आणि तसेच फेसाळ हातांनी बाहेर आले.

“श्वास! इंजिनाचा श्वास कोंडलाय!”

पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या आत साचणारी वाफ बाहेर ओढून घेणारी अंगठ्याएवढी वस्तू. ती काजळीने बुजली की आत दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर पडतं. मग कितीही नवी पॅकिंगं घाला. दुसऱ्या दिवशी काकांनी तो व्हॉल्व्ह काढला, कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही. नवा बसवल्यावर पुठ्ठा कोरडा राहिला. त्या शुक्रवारी ते सकाळी दहापर्यंत झोपले, आणि उठल्यावर काय करावं हे न कळून काकूंच्या मिक्सरचं झाकण उघडून बसले.

तेव्हा तुमच्याही गाडीखाली तेलाचा ठिपका दिसला, तर पॅकिंगच्या मागे लागण्याआधी तो व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. आत खडखडलं तर बहुधा ठीक. नाही खडखडलं तर नवा घाला. आणि काकांनाच फोन करणार असाल तर गुरुवारी रात्री करा, हापूसची रिकामी पेटी तयार ठेवा, आणि शुक्रवारी दुसरं काहीही ठरवू नका.